सगळे दिवे वाढव

सेलवरची मेणबत्ती काडी ओढून पेटवायला निघालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज दाढी करताना पाहतो. आता त्याला थोडं टक्कल पडलंय, पण चेहऱ्यावरचा भाव तोच आहे: आपण काहीतरी बरोबर करतोय असा.

जूनचा महिना होता. एक बॅग, एक गादी आणि आईने दिलेला लसणाच्या चटणीचा डबा घेऊन मी देवळ्याहून नाशकात आलो होतो. ठिबकच्या पाइपांच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि शरणपूर रोडच्या मागच्या अंगाला एका बैठ्या घराच्या डोक्यावर चढवलेली खोली भाड्याने मिळाली होती. घरमालकीण खाली राहायच्या. मी गादी वर नेऊन टाकली आणि खाली आलो, तोवर संध्याकाळ झाली होती. त्या म्हणाल्या, "मी तोंड धुऊन येते. तेवढे खिडक्यांतले दिवे लाव."

समोरच्या भिंतीला ओळीने पाच खिडक्या. प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर एक पांढरी, जाडजूड मेणबत्ती. मी खिशातून काडेपेटी काढली. पहिल्या मेणबत्तीपाशी काडी वाऱ्याने गेली. दुसऱ्या मेणबत्तीला मात्र मी हाताचा आडोसा करून नीट, मन लावून आग दिली. वात पेटेना. वाकू लागली. मग असा काही वास सुटला की घरमालकीण तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आल्या.

ओरडल्या नाहीत. मेणबत्ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली, तळाचं बटण दाबलं. वाकडी, काळी पडलेली प्लॅस्टिकची ज्योत मिणमिणत पेटली.

"भाजलंय," त्या म्हणाल्या. "पण जगेल."

कपाटातून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणून त्यांनी मेणबत्तीच्या मानेला दोन वेढे दिले. मग मला विचारलं, "गाव कुठलं म्हणालास?"

"देवळा."

"तिकडे वीज आहे ना?"

"हाय की."

"मग," त्या म्हणाल्या, आणि तोंड धुवायला परत गेल्या. त्या एका 'मग'वर मी पुढची तीन वर्षं भाडं भरलं.

त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. गॅसच्या पुस्तकावर त्यांचं नाव असणारच, पण ते उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, शेवटची बारा वर्षं मुख्य नर्स. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्ड त्यांनी सोडला नव्हता. घरी आणला होता. पाच खिडक्या म्हणजे पाच बेड. संध्याकाळी पाठीमागे हात बांधून त्या राउंड घ्यायच्या आणि मी कामावरून आलो की पायरीवरच मला अहवाल मिळायचा.

"एक नंबर ठीक. दोन नंबर, तुझा पेशंट, पट्टी बदलली. चार नंबरला सकाळपासून धाप लागलीय."

धाप लागलीय म्हणजे मेणबत्ती लुकलुकतेय. खरं तर त्या मेणबत्त्या लुकलुकायलाच बनवलेल्या होत्या, वाऱ्यातल्या ज्योतीसारख्या. पण कुठली लुकलुक खोडीची आणि कुठली अशक्तपणाची, हे सिस्टरना लांबून कळायचं.

मला त्या 'देवळा' म्हणायच्या. नाव सांगून पाहिलं होतं. "नावं लक्षात ठेवली की पेशंट लाडावतात," म्हणाल्या.

सेल संपला असं त्या कधीच म्हणत नसत. सेल थकायचा. मेणबत्तीतून थकलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात जायचा. "घड्याळाला काय, मिनिटाला एक पाऊल टाकायचं. त्याला जमेल." घड्याळातही थकला की व्हरांड्यातल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, उन्हात. दोन आठवडे ऊन खाऊन त्यातले काही परत उभे राहायचे, मग त्यांना टीव्हीच्या रिमोटमध्ये बदली. "कुणाला एकदम कामावरून काढायचं नसतं. हलकी ड्यूटी द्यायची."

ही बरणी मी एका सकाळी, घराला मदत करावी म्हणून, घंटागाडीत ओतली. सिस्टरनी विचारलं, "बरणीतले कुठे गेले?" मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी लुंगीवर घंटागाडीमागे धावलो ते कॉलेज रोडच्या तोंडाशी गाठली. गाडीवरचा माणूस म्हणाला, "सोनं गेलं का काय?" मी म्हटलं, "पेन्शनर गेले." त्याने गाडी थांबवली, हे त्याचे उपकार.

एव्हाना लक्षात आलं असेल की सिस्टरच्या बोलण्यात काही शब्दांना प्रवेशबंदी होती. जाते नाही, येते. तांदूळ संपले नाहीत, तांदूळ वाढले. बांगडी फुटली नाही, वाढली. रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या, बायबलातली वचनं घडाघडा म्हणणाऱ्या या बाईंनी आपल्या आईकडून आलेले हे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले होते. एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुमच्यात पण असं चालतं?"

"आमच्यात म्हणजे?"

"म्हणजे... चर्चमध्ये."

"देव चर्चमधला आहे रे. भाषा माझ्या आईची आहे."

मी ते शब्द शिकत होतो. सगळे शिकून झाले असा माझा समज होता. एक राहिला होता, आणि तोच नेमका दिव्यांचा होता.

पण आधी त्या पाच खिडक्यांबद्दल सांगायला हवं.

नाताळात खिडकीत दिवे लावणारी घरं आमच्या गल्लीत आणखीही होती. सिस्टर बारा महिने लावायच्या. जूनच्या चिखलात, एप्रिलच्या उकाड्यात, दिवेलागणीला पाच मेणबत्त्या आणि आठच्या ठोक्याला बंद. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "सिस्टरकडे नाताळ उतरतच नाही." मीही ते एक खूळ समजून सोडून दिलं असतं. पण एकदा लवकर घरी आलो तर सिस्टर तीन नंबरच्या खिडकीआड उभ्या दिसल्या. दिवे लागलेले होते आणि त्या दिव्यांकडे बघतच नव्हत्या. रस्त्यापलीकडे समोरच्या घराच्या गॅलरीकडे बघत होत्या. तिथला पडदा जरासा सरकला. सिस्टरनी श्वास सोडला आणि आत गेल्या.

मी जिन्यात उभा होतो हे त्यांना माहीत होतं. "ऐक," त्या आतून म्हणाल्या. "केस अशी आहे."

समोर त्यांची थोरली बहीण राहायची. अक्का. सिस्टरपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, दोघीही एकट्या. गल्लीतली मुलं त्यांना 'सिस्टरची सिस्टर' म्हणायची. मी यायच्या चार वर्षं आधीपर्यंत नाताळ दोघी या घरात करायच्या, खऱ्या मेणाच्या मेणबत्त्या लावून. त्या वर्षी तीन नंबरची मेणबत्ती अक्कांनी लावली आणि पडदा सरकवायला विसरल्या. वारा आला, पडद्याने पेट घेतला. एका बादलीत विझला. पण तो पडदा त्यांच्या आईच्या साडीचा होता, घरात उरलेल्या शेवटच्या साडीचा. सिस्टर हातात ओली चिंधी घेऊन म्हणाल्या होत्या, "अक्का, तुझ्या हातचा दिवा पुन्हा माझ्या घरात नको."

अक्का काही न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी सेलवरच्या मेणबत्त्या आणल्या. संध्याकाळी अक्कांनी गॅलरीतून त्या पाहिल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याला, सिस्टरना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे, देवाला आता प्लॅस्टिक चालतं का?" तो दोघींमधला शेवटचा संवाद. तोही दूधवाल्यामार्फत.

"मग तुम्ही जा ना," मी म्हटलं. "रस्ता दहा पावलांचा हाय."

"बोलले मी. चुकले मी. पण ती थोरली. घरातून निघून ती गेली, 'येते'ही न म्हणता. थोरल्या माणसाने परत यायचं असतं, धाकट्याने दार उघडं ठेवायचं असतं. ते मी ठेवलंय." त्यांनी खिडकीकडे हात केला. "दिवे लागले की तिला कळतं मी उभी आहे. तिचा पडदा हलला की मला कळतं ती उभी आहे. आठला मी दिवे काढले की ती पडदा ओढते. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे. दोघींपैकी एकीचा दिवा किंवा पडदा राहिला, की..." पुढचा शब्द बंदी असलेल्यांपैकी होता. त्या थांबल्या. "त्याआधी तिने यावं. एवढंच मागते मी."

अशा नाजूक केसमध्ये मी हात घालू नये, हे कुणालाही समजलं असतं. मी घातला. एका रविवारी सिस्टर म्हणाल्या, "समोर जाऊन नुसतं बघून ये, त्यांच्याकडे पाणी येतंय का. माझं नाव काढू नकोस." मी गेलो. अक्का दारात आल्या: ठेंगण्या, पांढरी साडी, कानात लहानसे मोती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ म्हणालो, "सिस्टरनी विचारलंय तुम्ही बऱ्या आहात का. पण त्यांनी विचारलंय असं सांगू नको म्हणाल्या."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "सांग तिला, समोरच्या दिव्यांना सेल लागतात. मला नाही लागत."

हा निरोप मी शब्दशः पोचवला. आठवडाभर मला अहवाल मिळाला नाही.

डिसेंबर आला. निफाडकडची थंडी आपल्या बापाचं घर असल्यासारखी नाशकात येऊन बसली. सिस्टरनी करंज्या केल्या, चकल्या केल्या, आणि नाताळच्या दोन दिवस आधी तापाने पडल्या. डॉक्टर येऊन गेले. छातीत काही नाही म्हणाले, गोळ्या आणि झोप. तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी शाल गुंडाळून त्या उठल्या, भिंतीला धरत पाचही मेणबत्त्या लावल्या आणि पुन्हा पडल्या. मी त्यांना पेज करून दिली. ती पिठल्यासारखी झाली होती, पण त्या प्यायल्या. पावणेआठला मला हाक मारली. आवाज बसला होता.

"देवळा, गोळी घेतलीय. डोळे मिटतायत. आज लवकरच दिवे वाढव."

आमच्या देवळ्याकडे दिवा मालवतात. काही घरांत विझवतात, आणि घाईत असले तर फुंकतातही. वाढतात ते फक्त जेवण. नारळ वाढवतात हे मला माहीत होतं, पण नारळ आपटला की एकाचे दोन होतात, म्हणून तो वाढला, असा माझा आपला साधा हिशेब. म्हणून मी विचारलं, "किती वाढवू, सिस्टर?"

त्यांनी अर्धे मिटलेले डोळे उघडले. "किती म्हणजे? सगळे."

"सगळे?"

"सगळे रे. एकही ठेवू नकोस."

आणि त्या झोपल्या. मी दार लोटून घेतलं आणि मोटरसायकलला किक मारली. नाताळची आदली संध्याकाळ, आजारी बाई, आणि तिची एवढीशी इच्छा. मला गहिवरून आलं होतं. गहिवर आला की मी नेहमी चुकतो.

भद्रकालीत नाताळच्या सामानाचं एक दुकान ओसंडून वाहत होतं. दुकानदार चाचा स्टुलावर बसून सांताक्लॉजच्या टोप्या एकात एक घालत होते. मी म्हटलं, "सेलवरच्या मेणबत्त्या."

"कितना नग देऊ?"

"जेवढे असतील तेवढे. एकही ठेवू नको असं सांगितलंय."

"किसने सांगितलं?"

"सिस्टरनी."

चाचांनी टोप्या खाली ठेवल्या. "शरणपूरवाल्या? पांढऱ्या केसांच्या? अरे, मेरी बच्ची पैदा हुई तब दवाखान्यात वोइच थ्या." त्यांनी आतून दोन खोकी काढली, प्रत्येक मेणबत्तीत सेल टाकून, पेटवून बघून दिली. "एक भी बंद निकला तो मला सांग."

साठेक होत्या. मी खिडक्यांच्या कट्ट्यांवर लावल्या. मग गुलाबाच्या कुंड्यांच्या कडांना, जिन्याच्या पायऱ्यांवर, कुंपणाच्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत. प्रत्येकीच्या तळाचं बटण दाबून अंगठ्याचं कातडं हुळहुळं झालं. दोन नंबरची पट्टीवाली मेणबत्ती मी मुद्दाम फाटकाच्या खांबावर ठेवली, मानाने. सगळं झालं तेव्हा घर असं दिसत होतं की रस्त्यावरचे लोक थांबले. इस्त्रीवाला इस्त्री ठेवून आला. समोरून येणारी दोनचार माणसं उभी राहिली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी हाताची घडी घालून, उद्घाटन झाल्यावर कंत्राटदार उभा राहतो तसा उभा होतो.

तेव्हा अक्कांचं दार उघडलं.

पडदा नुसता सरकलेला नव्हता, पुरता बाजूला फेकलेला होता. अक्का पायरी उतरल्या. डोक्यावरून शाल घेतलेली, आणि हातात एक पेटलेली मेणबत्ती, मेणाची, दुसऱ्या तळव्याचा आडोसा करून धरलेली. चार वर्षांत त्यांनी तो रस्ता ओलांडला नव्हता. लोकांनी त्यांना वाट दिली. मला वाटलं, दाद द्यायला येतायत.

"कसं वाटलं, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. "कधी झालं हे?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान होता.

"आत्ताच. पावणेआठला. लगेच केलं सगळं."

"त्रास झाला का?"

"त्रास कसला, अक्का. मोटरसायकल होती."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "शेवटचं काही बोलली?"

माझ्या मनात आलं, शेवटचं म्हणजे झोपण्यापूर्वीचं. "बोलल्या ना. सगळे दिवे वाढव म्हणाल्या. एकही ठेवू नकोस."

अक्कांच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण अंगठ्यावर सांडलं, ते त्यांना कळलं नाही. इस्त्रीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. आणि मग, मूर्ख माणसाच्या डोक्यातही कधीतरी उजेड पडतो तसा माझ्या डोक्यात पडला. ख्रिस्ती घरात माणूस गेलं की त्याच्याभोवती मेणबत्त्या लावतात. समोर राहणाऱ्या बहिणीने काय पाहिलं असेल? डॉक्टर येऊन गेलेले. आणि आज पाच दिव्यांच्या जागी साठ. फाटकाशी माणसं, आणि तीही गप्प.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला.

"कोण आहे तिथे? आणि एवढा उजेड कसला पाडलाय?"

अक्का इतक्या वेगाने व्हरांड्याच्या पायऱ्या चढल्या की मी मागे राहिलो. मी पोचलो तेव्हा त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, हातात मेणबत्ती तशीच. सिस्टर खाटेवर उठून बसल्या होत्या, केस विस्कटलेले. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"मला वाटलं तू गेलीस," अक्का म्हणाल्या.

"गेले नाही. आणि जायचं झालं तर 'येते' म्हणून सांगून जाते मी. तुझ्यासारखी नाही."

"तोंड तसंच आहे."

"तूही तशीच आहेस. चप्पल न घालता आलीस."

अक्कांनी पायांकडे पाहिलं. खरंच अनवाणी होत्या. मला वाटलं आता माझं काम आहे, म्हणून मी म्हणालो, "सिस्टर, तुम्हीच म्हणालात ना दिवे वाढव."

सिस्टरनी खिडकीकडे पाहिलं. कट्ट्यावर दाटीने बसलेल्या बारा मेणबत्त्या. त्यापलीकडे कुंपण, जिना, कुंड्या. बराच वेळ पाहिलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "हा देवळ्याचा आहे. पहिल्याच दिवशी याने काडी लावून मेणबत्ती भाजली होती."

अक्का आधी हसल्या का आधी रडल्या, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकाच श्वासात झालं. मग त्याच मला म्हणाल्या, "अरे बाबा, दिवा वाढव म्हणजे मालव. आमची आई म्हणायची. दिवा विझव असं म्हणू नये म्हणून."

"आमच्याकडं असं नसतं ओ," मी म्हणालो.

आता अक्कांचं लक्ष हातातल्या मेणबत्तीकडे गेलं. पेटलेली, मेणाची, त्यांच्या हातची. या घरात जिला बंदी होती ती. त्या अवघडल्या. मालवायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी ओठ पुढे केले.

"फुंकतेस कसली," सिस्टर म्हणाल्या. "राहू दे."

"कुठे ठेवू?"

सिस्टरनी आधी शाल नीट केली, उशी नीट केली. "तीन नंबरला," त्या म्हणाल्या.

अक्का खिडकीपाशी गेल्या. माझ्या प्लॅस्टिकच्या बारा मेणबत्त्या सरकवून मधे जागा केली. मेणबत्ती टेकवली आणि वळून न बघता विचारलं, "पडदा?"

"सरकव ना. मी काय सांगायला हवं?"

अक्कांनी पडदा सरकवला. अगदी टोकापर्यंत.

त्यानंतर त्या दोघी गोड झाल्या असं समजू नका. अक्का रोज दिवेलागणीला यायच्या, सिस्टर त्याला 'भेटीची वेळ' म्हणायच्या, आणि तासभर दोघी चहात आलं किती असावं यावरून भांडायच्या. पाच मेणबत्त्या मात्र रोज लागतच राहिल्या. मी म्हटलं, "सिस्टर, आता बघणारं माणूस इथंच बसलंय. मग हे कशाला?"

"रस्त्याला उजेड लागतो," त्या म्हणाल्या.

साठच्या साठ मेणबत्त्यांतले सेल त्यांनी काढले, थकू नयेत म्हणून कागदात बांधले. मेणबत्त्या आणि सेल एका मोठ्या खोक्यात भरून ते खाटेखाली सरकवलं. खोक्यावर निळ्या पेनाने लिहिलं: 'देवळा. राखीव.'

तीन वर्षांनी कंपनीने मला लासलगावला पाठवलं. लग्न झालं, मुलगी झाली. नाताळला मी दरवर्षी जात होतो, करंज्या आणि टोमणे दोन्ही खाऊन येत होतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बाजार समितीच्या आवारात लिलाव चालू असताना फोन वाजला. अक्का होत्या. ट्रॅक्टरांचा आवाज, बोली पुकारणाऱ्यांचा गलका. मी कानावर हात धरून ऐकत होतो.

"सिस्टरची ड्यूटी वाढली रे," अक्का म्हणाल्या.

"या वयात?" मी म्हणालो. "आता कुणी वाढवली?"



"ज्याने लावली होती, त्यानेच," अक्का म्हणाल्या.

इतकी वर्षं त्या दोघींच्या घरात वावरलो, आणि तरी मी पुन्हा तीच चूक केली. कांद्याच्या ढिगाला टेकून मी खाली बसलो. अक्का मला समजावत होत्या: पहाटे, झोपेत, त्रास काही नाही. आदल्या संध्याकाळी त्या घरी निघाल्या तेव्हा सिस्टर दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. "एरवी मी 'येते' म्हणायची. काल तीच मला 'येते' म्हणाली. मी म्हटलं, अगं, तू तर घरातच आहेस. तर हसली."

दुसऱ्या दिवशी माती झाली. गल्ली सगळी आली होती. चाचा आले होते, त्यांची ती मुलगीही, आता तिच्या कडेवर तिची मुलगी. संध्याकाळी लोक पांगले आणि घरात अक्का आणि मी उरलो. अक्कांनी राउंड घेतली, माझ्याकडे न बघता: एक नंबर, दोन नंबर, माझ्या पेशंटची पट्टी पिवळी पडलेली. पाचही मेणबत्त्या त्यांनी स्वतः लावल्या आणि सिस्टरच्या खुर्चीत बसल्या. मी स्टुलावर. आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. समोर अक्कांच्या घराचा पडदा बंद होता. तो हलवायला तिथे कुणी नव्हतं, आणि तो बघायला खिडकीआड उभं राहणारंही आता कुणी नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात, कुठल्यातरी थकलेल्या सेलावर, आठ वाजले.

"देवळा," अक्का म्हणाल्या. त्यांनी मला त्या नावाने पहिल्यांदाच हाक मारली. "दिवे वाढव."

मी उठलो. एक नंबरची मेणबत्ती उचलली, उलटी केली, तळाच्या बटणावर अंगठा ठेवला. आणि थांबलो. आयुष्यात एकदा तरी आधी विचारून घ्यावं.

"अक्का, तुमच्या अर्थाने, की माझ्या?"

त्या समोरच्या अंधाऱ्या घराकडे बघत होत्या. मग त्यांनी खाटेखालचं ते 'राखीव' खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं.

"तुझ्या," त्या म्हणाल्या. "सगळे. एकही ठेवू नकोस."